तरुबालाचा खांदा

तरुबाला बेराच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या सागर बेटावर कोणाला शिकवावं लागत नाही. किनाऱ्यावर तिची बायकांसाठी कपडे बदलायची खोली आहे. खोली म्हणजे बांबूचा सांगाडा. त्याला चहूबाजूंनी होगल्याच्या, म्हणजे खाडीतल्या लांब पात्यांच्या गवताच्या चटया, आत दोन कप्पे आणि दाराशी गोड्या पाण्याची पिंपं. गंगासागरच्या यात्रेला येऊन समुद्रात बुडी मारलेल्या बायका इथं अंगावरचं खारं पाणी धुतात, कोरडी साडी नेसतात आणि जाताना तरुबालाची बोलणी खाऊन जातात.

"ए बिहारवाली, वाळू बाहेर झटक! माझ्या खोलीत दुसरा किनारा करायचाय का?"

"पिंपात हात नको बुचकळू गं, तांब्या काय शोभेला ठेवलाय?"

बायका हसतात. गाठोडी मात्र तिच्याकडेच ठेवतात, कारण तिच्यापाशी ठेवलेल्या गाठोड्याला वारासुद्धा हात लावत नाही. गावातले पुरुष तिला तरुबौदी म्हणतात, म्हणजे तरुवहिनी. आणि चार हात लांबूनच म्हणतात.

आता आमच्या किनाऱ्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समुद्र आमच्याकडे दरवर्षी थोडा थोडा आत येतो. पूर्वी कोणी कोणी हौसेने सिमेंटची न्हाणीघरं बांधली होती. ओहोटीला त्यांच्या पायऱ्या तेवढ्या वर दिसतात, कोळणी त्यांवर सुकट वाळवतात. म्हणून आमच्या दुकानांना खिळा नाही आणि पाया नाही. सगळं सुंभाने बांधलेलं, खालून चार लांब बांबू आरपार घातलेले. चार बांबूंची आठ टोकं. आठ माणसांनी आठ टोकांना खांदा दिला की उभंच्या उभं दुकान चालायला लागतं.

दुकानांची एकच रांग आहे, पाण्यापासून आत व्हॅनरिक्षा थांबतात तिथपर्यंत. उधाणाची भरती पहिल्या दुकानाच्या उंबऱ्याला लागली की ते उचलायचं आणि रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवायचं. मग दुसरं ते पहिलं होतं. आज मागे बसून विडी ओढणाराही कधीतरी पुढे येतोच. आमच्यात कोणी कायमचा मागचा नाही.

उचलायच्या आधी मालकाने प्रत्येकाच्या दारात जाऊन नावाने हाक मारायची. हाकेला नाही म्हणायचं नसतं. मालक स्वतः खांदा देत नाही. तो दुकानाच्या आत मधोमध चालतो, सगळ्यांच्या पायांकडे बघत पावलं सांगतो, 'डावीकडे, हळू, खड्डा आहे.' त्याच्या घरच्यांचाही खांदा चालत नाही. घरच्यांनी खांदा द्यायचा तो मढ्याला, असं आमचे म्हातारे सांगत आले. आणि मालक 'ठेवा' म्हणेपर्यंत टोक सोडायचं नाही, मग पाठीला विंचू का डसेना. हात निसटला तर माफ आहे. बांबू ओला असतो, माणसाला घाम येतो. पण जाणूनबुजून टोक सोडलं तर त्या माणसाला रांग बंद. पुन्हा त्याचं दुकान कोणी उचलत नाही. आमच्या आजोबांच्या काळात असं एकदा झालं म्हणतात. तो माणूस बायकापोरं घेऊन नदीपलीकडे काकद्वीपला गेला, तो परत दिसला नाही.

सहा वर्षांपूर्वी आश्विनात तरुबालाच्या खोलीची पाळी आली. तेव्हा तिचा नवरा सुधन्य चांगला हिंडताफिरता होता. रांगेत त्यांची खोली पहिली होती आणि दुसरं निबारण खाटुआचं भाताचं हॉटेल. रांगेच्या शेवटाला त्या वर्षी एकच चांगली जागा उरली होती, झाऊच्या, म्हणजे सुरूच्या झाडांच्या सावलीत, हातपंपाला लागून. त्याच्यामागे डबक्याची जमीन, बेडकांचं राज्य. ती पंपाजवळची जागा रीतीने सुधन्यला मिळणार होती. निबारणला डबकं.

निबारण गोड बोलणारा माणूस. तोंडात साखर आणि हातात पळी. त्याने सुधन्यच्या हाकेला सगळ्यात आधी ओ दिली आणि मागचं उजवं टोक घेतलं. सुधन्य आत चालत होता, पावलं सांगत होता. तरुबाला चूल आणि देवाचा फोटो पोटाशी धरून बाहेरून, निबारणच्या बाजूने चालली होती. पंप वीस हातांवर राहिला असेल. तिने पाहिलं, निबारणने बांबू खांद्यावरून हातात घेतला. मग त्याचा हात उघडला. टोक खाली गेलं, सांगाडा पिळला गेला, आढ्याचा बांबू तुटून आत सुधन्यच्या पाठीत बसला.

सुधन्य त्यानंतर उठला नाही. कमरेखाली सगळं गेलं.

"हात निसटला रे माझा!" म्हणून निबारण वाळूत लोळून रडला. काकद्वीपच्या इस्पितळात शहाळं घेऊन गेला. सुधन्यच्या उशाशी बसून त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. तरुबालाने इस्पितळाच्या व्हरांड्यातच त्याची गचांडी धरली. "मेल्या, निसटला नाही, सोडलास तू! मी पाहिलंय!" लोकांनी तिला ओढून बाजूला केलं. खुद्द सुधन्य पडल्या पडल्या म्हणाला, "सोड तरु, निसटला असेल." नवराच असं म्हणतोय म्हटल्यावर बायकोचं कोण ऐकतो? दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं, म्हणाले.

ती परत आली तोवर पंपाजवळच्या जागेत निबारणचं हॉटेल उभं होतं. "मोकळी होती म्हणून ठेवलं, बौदी," तो म्हणाला. "तुमची खोली तर मोडलीच होती." तिने नवी खोली बांधली, ती त्याच्यामागे, डबक्यात.

तेव्हापासून सहा वर्षं तिच्या दारासमोर निबारणच्या हॉटेलची पाठ. तिकडून फोडणीचा वास यायचा, माणसांचं हसणं यायचं, आणि इकडे तरुबाला पिंपं भरत बसलेली. तिने डूख धरला होता आणि तो लपवायची तिला गरजही वाटत नव्हती. यात्रेकरू बायका विचारायच्या, "मावशी, इथं जेवण कुठे चांगलं?" तर ती खणखणीत आवाजात सांगायची, "समोरच आहे की! पोटभर जेवा. फक्त ताट दोन्ही हातांनी धरा. या हॉटेलात हात फार निसटतात."

निबारण आतून हसायचा. "आमच्या बौदीची थट्टा!" गिऱ्हाइकंही हसायची. त्याचा असा हसून साजरा केलेला गुन्हा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

रांगेतले लोक तिला समजावायचे. सगळ्यात वडील पुलिन माइती, चहावाला, तिला एकदा म्हणाला, "तरु, किती दिवस त्याला पाण्यात बघशील? त्याने चूक कबूल केली ना, हात निसटला म्हणून?"

"पुलिनदा, मला त्याची चूक नकोय. त्याचं खरं पाहिजे. चार माणसांसमोर 'सोडला' एवढं म्हणू दे. बस."

"आणि नाही म्हणाला तर?"

"समुद्र कोणाच्या बापाचा नोकर आहे का? आज ना उद्या त्याचं हॉटेल पहिलं येईल. घोडामैदान जवळच आहे."

सहा वर्षांत रांगेतली सगळी दुकानं एक एक करून पुढे सरकली आणि मागे गेली. प्रत्येकाच्या हाकेला तरुबाला गेली. पुरुषांच्या बरोबरीने खांदा दिला. खांद्यावर घट्टा पडला, बैलाच्या मानेला पडतो तसा. घरी येऊन सुधन्यला कुशीवर वळवायची, त्याची पाठ पुसायची, भात वाढायची आणि त्याच्यापुढेच निबारणच्या नावाने बोटं मोडायची. सुधन्य भिंतीकडे बघत राहायचा. "पुरे आता," एवढंच म्हणायचा.

या पावसाळ्यात शंख विकणाऱ्या गौरांगचं दुकान मागे गेलं आणि निबारणचं हॉटेल पहिलं झालं. त्या दिवसापासून तरुबाला एकदम गप्प झाली. टोमणा नाही, शिवी नाही. बायकांना म्हणायला लागली, "ये बाई, नीट पुसून घे अंग." रांगेतल्या लोकांना याचीच भीती वाटली.

"बौदीला ताप आलाय का?" व्हॅन चालवणारा आजिजुल म्हणाला. त्याचंही शहाळ्यांचं दुकान होतं रांगेत.

"ताप तिला नाही आला," पुलिन म्हणाला. "दुसऱ्याला यायचाय."

भाद्रपदाच्या अमावस्येला सकाळीच पाणी चढायला लागलं. आभाळ स्वच्छ, वारा दक्षिणेचा. तासाभरात लाट हॉटेलच्या उंबऱ्याला लागली. निबारण हाका मारत निघाला. त्या दिवसांत रांगेत माणसं कमी. काही लावणीला गेलेली, काही ट्रॉलरवर, तरणी पोरं केरळात. दारोदार फिरून त्याला सात खांदे मिळाले. आठवं दार तरुबालाचं.

ती दारातल्या पिंपाला टेकून बसली होती.

"तरुबौदी," निबारण म्हणाला. गोड आवाज आज जरा कोरडा पडला होता. "हाक मारतोय. खांदा दे."

"देते की. हाकेला नाही म्हणतात का कधी?"

"मग चल, ऊठ ना."

"उठते. तू बोललास की उठते."

"काय बोलू?"

"ते तुला ठाऊक आहे."

"बौदी, पाणी बघ! ही वेळ आहे का?"

"माझी हीच वेळ आहे रे. सहा वर्षं हिची वाट बघत बसलेय. तुझी नसेल तर भरती उतरल्यावर ये."

निबारण वळून धावत गेला. सात माणसं आपापल्या टोकाशी उभी होती. आठवं टोक, मागचं डावं, समुद्राच्या बाजूचं, रिकामं. निबारणची सून मौशुमी पुढे झाली, "मी देते खांदा." पुलिनने तिला हाताने मागे सारलं. "घरच्यांचा चालत नाही, पोरी. मढं आहे का हे?"

मग सगळेच तरुबालाच्या दाराशी ओरडायला लागले. ती उठली, पण हॉटेलपाशी येऊन टोकापासून दोन हातांवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लाटेचं पाणी घोट्यावरून जात होतं.

"बौदी, पाया पडतो," आजिजुल म्हणाला. "मागचं मागे टाक. दुकान जाईल त्याचं."

"माझा नवरा गेला तो? तो काय बाजारात मिळतो? त्याचे पाय कोण देतं मला? तू देतोस?"

"बौदी, हात निसटला होता!" निबारण रडकुंडीला आला. "देवाशप्पथ!"

"देवाला मधे घालू नकोस. त्यालाही पोहता येत नाही."

एक लाट आली ती जरा मोठीच. हॉटेलचा बाक उचलून घेऊन गेली. मौशुमीने आतून किंकाळी फोडली.

"अरे बोलून टाक ना बाबा!" पुलिन वैतागून म्हणाला. "बाईमाणसाच्या समाधानासाठी म्हण. खोटं का होईना, म्हण. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे तुझा हात निसटला ते."

"हो, म्हण रे निबारण," बाकीचेही म्हणायला लागले. "शब्दांनी काय अंगाला भोक पडतंय?"

निबारणने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ही सगळी त्याच्या हातचा भात खाल्लेली माणसं. तीच म्हणत होती, बोल. त्याच्या जिवात जीव आला.

तरुबालाने हात वर केला. "ऐका सगळ्यांनी. देवळातल्या कपिलमुनींची शपथ घेऊन सांगते. हा बोलला तर हे टोक माझं. हा 'ठेवा' म्हणेपर्यंत मी सोडणार नाही. मग मला शार्क का खाईना."

"सोडला," निबारण चटकन म्हणाला. "मी सोडला. झालं समाधान? चल, धर आता."

माणसं वाकली. तरुबाला हलली नाही.

"असं गुळणी टाकल्यासारखं नको. कसा सोडलास ते सांग."

"कसा म्हणजे?"

"हात कसा उघडलास? कधी उघडलास? मी बाहेरून पाहिलंय, मला सगळं ठाऊक आहे. एक शब्द खोटा बोललास तर मी चालले घरी."

तिला सगळं ठाऊक नव्हतं. पण तिच्या नजरेत नजर घालून ते ताडायला निबारणला वेळ नव्हता. दुसरी लाट त्याच्या चुलीत शिरली आणि चूल फस्सकन विझली. आत डेगीतला सकाळचा भात होता, ताटं होती, नवीन आणलेला फ्रीज होता. त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

"काय पाहिजे तुला, सटवे? सगळं पाहिजे? ऐक मग! पंप समोर दिसत होता. वाटलं, एक कोपरा मोडला तर तुमचे आठ दिवस बांधण्यात जातील, तोवर मी जागा धरीन. बांबू खांद्यावरून हातात घेतला, पाय बाजूला काढला आणि सोडला. तुझ्या नवऱ्याला लागेल असं कोणाला ठाऊक होतं? त्याला मारायचं नव्हतं मला! झालं? आता तरी धर!"

सातही माणसं वाकलेली होती तशीच थांबली.

आजिजुलने मान वर केली. "पाय आधी काढलास?"

"मग? पायावर पडला असता ना माझ्या!" निबारण म्हणाला.

आणि आपण काय बोललो ते त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

हात निसटणाऱ्याला आपला पाय आधी काढून घ्यायचं सुचत नाही. हे त्या सात जणांना कोणी सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या पायांची नखं कधी ना कधी बांबूखाली चेचलेली. पुलिन माइतीने आपला खांदा टोकाखालून काढला. गमछ्याने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, काहीतरी घाण लागल्यासारखा. काही न बोलता तो वाळूवर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून गौरांग. मग बाकीचे. आजिजुल सगळ्यात शेवटी.

"पुलिनदा!" निबारण ओरडला. "तूच म्हणालास ना बोल म्हणून! खोटं का होईना बोल म्हणालास!"

"खोटं बोल म्हणालो होतो," पुलिन म्हणाला. "तू खरं बोललास."

"सहा वर्षं झाली रे त्याला! माझ्या हातचं खाल्लंत तुम्ही!"

"ते आठवून आता मळमळतंय."

मग तरुबाला पुढे झाली. साडीचा पदर कमरेला खोचला, वाकली आणि मागच्या डाव्या टोकाला खांदा दिला. गुडघ्यापर्यंत पाणी होतं. तिने जोर लावला तसा हॉटेलचा तेवढा कोपरा वीतभर उचलला गेला, बाकी सगळं जिथल्या तिथे.

"काय झालं, निबारण?" ती म्हणाली. "आत जा की. पावलं सांग. मी शब्द दिलाय, माझा खांदा तुझा आहे. सांग, डावीकडे का उजवीकडे?"

निबारणने तिच्याकडे पाहिलं. आठ टोकांपैकी सात रिकामी आणि एका टोकाला ती. तिच्या तोंडावर असं काही समाधान होतं की त्याला ते बघवेना. सहा वर्षं तिने हेच ठरवलं होतं का? पुलिन पुढे अनेकदा म्हणाला, की तिला माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं, तो बोलला की माणसं सोडून जाणार. शब्दाला शब्द पाळून तिने त्याला बुडवला. कोणी तिला विचारलं तर ती म्हणते, "मी तर खांदा दिला. ज्यांनी काढून घेतला त्यांना विचारा." आणि पुन्हा तेच समाधान तिच्या तोंडावर दिसतं.

मौशुमी दारातून बाहेर आली. हातात एक पातेलं. लग्न होऊन दीड वर्ष झालेली पोर, त्या वेळी कुठे होती ती! रडत रडत म्हणाली, "काकी, मी काय केलं होतं तुमचं?"

इतक्या वर्षांच्या हिशेबात ही पोर तरुबालाने कुठे धरलीच नव्हती. ती क्षणभर गडबडली. मग खेकसली, "तू काही नाही केलंस. बघत काय उभी राहिलीस, भांडी काढ बाहेर! समुद्राकडचा कोपरा मी धरलाय, तोवर पडत नाही हे. आजिजुल! दुकान उचलायला बंदी आहे, डेगी उचलायला नाही. हात काय मोडले का तुझे?"

आजिजुल आणि गौरांग धावले. डेगी निघाली, ताटं निघाली, फ्रीज दोघांनी ओढत नेला. तोवर पाणी तरुबालाच्या कमरेला आलं. लाट आली की ती डोळे मिटायची, खारं पाणी नाकातोंडात जायचं, खोकायची आणि पुन्हा टोकाला चिकटून उभी. सगळं सामान निघालं. आत काही उरलं नाही. ती तशीच उभी.

"बौदी," निबारण वाळूवरून म्हणाला. आवाज फाटला होता. "सोड आता."

"सोड?" ती म्हणाली. "मी नाही सोडत बाबा. सोडणारी माणसं वेगळी. आपल्या रांगेत काय म्हणतात ते म्हण."

निबारण दोन पावलं मागे सरकला.

"म्हण! नाहीतर उभी आहे मी अशीच. मी बुडाले तर तेही तुझ्याच नावावर."

"तरु, पुरे कर," पुलिन म्हणाला.

"त्याला सांग."

निबारणने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून त्याचा शब्द आला. "ठेवा."

"ऐकू नाही आलं. समुद्राचा आवाज फार आहे."

"ठेवा!" तो बोंबलला.

तरुबालाने बांबू खांद्यावरून उतरवला आणि दोन्ही हातांनी, तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसा, हळूच पाण्यात ठेवला. पुढच्या लाटेने हॉटेल एका बाजूला कललं. त्याच्या पुढच्या लाटेने ते नेलं. होगल्याच्या चटया सुटून बराच वेळ तरंगत होत्या.

ती ओल्या साडीनेच घरी आली. खांद्याचं सालपट निघालं होतं, पण चालत आली ती एखाद्या लग्नातून आल्यासारखी. सुधन्य खाटेवर पडला होता. तिने हातपाय न धुताच त्याच्यासाठी भात वाढला, वर पुईची, म्हणजे मायाळूची भाजी, कडेला कालचं माशाचं कालवण. ताट त्याच्या छातीशी ठेवून मग सगळं सांगितलं. सुधन्यने घास घेतला नाही. डोळे मोठे करून ऐकत होता.

"मोठ्याने बोलला?"

"मोठ्याने. सगळ्यांसमोर."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. पंपाचं, खांद्यावरून हातात घेतलेल्या बांबूचं.

"आणि पाय?" सुधन्य म्हणाला. "पाय आधी काढला, ते बोलला का?"

"तेच तर बोलला! त्यावरूनच तर..." तरुबाला थांबली. पायाचं तिने अजून सांगितलं नव्हतं.

ओल्या साडीतून पाणी ठिबकत होतं.

"तुला कसं ठाऊक?"

सुधन्य भिंतीकडे वळायला गेला. पण त्याला वळवणारी तीच होती, आणि ती हलली नाही.

"मी आत होतो ना," तो शेवटी म्हणाला. "पायांकडेच बघत होतो. त्याचा पाय बाजूला झालेला मी पाहिला. मग टोक आलं."

"सहा वर्षं..." तिने खाटेची कड धरली. "सहा वर्षं लोक मला वेडी म्हणत होते. तू इथं पडून ऐकत होतास. निसटला असेल म्हणालास! तूच म्हणालास!"

"तू कोयता घेऊन गेली असतीस तरु. मी ओळखतो तुला. तुला पोलिसांनी नेलं असतं. मग मला कुशीवर कोणी वळवलं असतं?"

वाकून तिने त्याच्या छातीजवळचं ताट उचललं आणि वर फळीवर, त्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं.

"अगं, भूक लागलीय मला."

"लागू दे. पुलिनदाला बोलावून आणते. गौरांगला, आजिजुललाही. त्यांच्यासमोर बोल. मग जेव."

आणि ती तशीच ओल्या साडीने बाहेर पडली.